मूळ भूमीबाहेर जपलेली झाडे
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्म, शिक्षण आणि आरोग्य या विषयांवर विचारमंथन व्हावे, हे स्वाभाविकच आहे. आजचा विषय मात्र थोडा निराळा आहे. तो झाडांचा आहे. वनस्पतीमध्ये जीव असतो, हे या सभेला पटवून द्यावे लागत नाही. परंतु एखाद्या वृक्षाची संपूर्ण जातच पृथ्वीवरून नाहीशी होऊ लागते, तेव्हा केवळ आपल्या हातून तो न तोडण्याच्या व्रताने ती जात वाचत नाही. तिथे कोणाला तरी पुढे होऊन तिला जगवावे लागते. न मारणे आणि जगवणे या दोहोंमधले अंतर किती मोठे आहे, हेच या व्याख्यानाचे सूत्र आहे.

आरंभ सर्वांच्या परिचयाच्या झाडापासून करणे सोयीचे होईल. वैशाखाच्या उन्हात लालभडक फुलणारा गुलमोहोर महाराष्ट्रातील प्रत्येक गावात दिसतो. अनेकांना तो इथलाच वाटतो. वस्तुतः तो हिंदी महासागरातील मादागास्कर बेटाचा रहिवासी आहे. तिथल्या कोरड्या जंगलांवर शेतीसाठी आणि कोळशासाठी कुऱ्हाड चालत राहिली, आणि त्याच काळात हे झाड जगभरच्या रस्त्यांवर बहरत राहिले. माहेर उजाड आणि सासरी भरभराट, अशी ही स्थिती आहे. जी गोष्ट गुलमोहोराच्या बाबतीत हौसेपोटी घडली, तीच गोष्ट संकटग्रस्त वनस्पतींसाठी जाणीवपूर्वक आणि शास्त्रशुद्ध रीतीने करणे, याला मूळ अधिवासाबाहेरील संरक्षण असे म्हणतात. झाड जिथे निसर्गतः वाढते तिथेच त्याचे रक्षण करणे ही पहिली पद्धत. त्याचे बी, रोप, फांदी किंवा पेशी अन्यत्र नेऊन उद्यानात, बीजकोठारात अथवा प्रयोगशाळेत सांभाळणे ही दुसरी.

दुसऱ्या पद्धतीची आवश्यकता का भासावी, याचे उत्तर आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये जगातील ४७ हजारांहून अधिक वृक्षजातींच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी १६ हजारांहून अधिक, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. तत्पूर्वी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार चारशेहून अधिक वृक्षजातींची निसर्गात पन्नास झाडेसुद्धा उरलेली नाहीत. पन्नास झाडे म्हणजे एका डोंगरउतारावरचा एक वणवा, एका रस्त्याचे रुंदीकरण किंवा एका धरणाचे पाणी. व्यापारी माणूस आपले सारे भांडवल एकाच गोदामात ठेवत नाही. ठेवलेच तर निदान विमा उतरवतो. दुर्मीळ झाडाचे बी दुसऱ्या ठिकाणी सांभाळणे हा त्या जातीचा विमाच होय.

हा विमा किती गांभीर्याने पाळायचा असतो, याचे एक उदाहरण इतिहासात कोरले गेले आहे. निकोलाय व्हाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने देशोदेशी फिरून धान्ये, कडधान्ये आणि फळझाडे यांच्या बियाण्यांचा विशाल संग्रह लेनिनग्राड शहरात उभा केला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ या काळात त्या शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला. लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. संस्थेतील संशोधक मात्र गहू, तांदूळ आणि भुईमूग यांच्या पाकिटांमध्ये बसून पहारा देत राहिले. त्यांतील अनेक जण भुकेने तिथेच मृत्यू पावले. तांदळाच्या संग्रहाचा सांभाळ करणारा अभ्यासक तांदळाच्या सान्निध्यात उपाशी मेला, पण बियाण्याला हात लागला नाही. ज्याने हा संग्रह उभारला तो व्हाव्हिलोव्ह स्वतः स्टालिनच्या राजवटीत अटकेत होता. १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. पुढच्या पिढ्यांच्या अन्नाला आपले अन्न न मानणारी ही माणसे होती. उपवासाचे मोल जाणणाऱ्या समाजाला त्यांच्या संयमाची उंची सहज कळेल.

आजची बीजकोठारे त्याच विचाराचा विस्तार आहेत. इंग्लंडमधील क्यू उद्यानाचे मिलेनियम बीजकोठार २००० साली सुरू झाले. तिथे सुमारे ४० हजार वन्य जातींची दोन अब्जांहून अधिक बीजे ठेवलेली आहेत. पद्धत दिसायला साधी आहे. बी स्वच्छ करायचे, त्यातील ओलावा हळूहळू कमी करायचा, हवाबंद भांड्यात घालून उणे २० अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे, आणि ठरावीक वर्षांनी थोडे बी रुजवून ते जिवंत असल्याची खात्री करून घ्यायची. भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेत पिकांच्या लक्षावधी नमुन्यांचा असाच सांभाळ होतो. कोरड्या हवेत बी किती काळ तग धरू शकते, याचे एक नवल म्हणजे इस्रायलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेली खजुराची बी. सुमारे दोन हजार वर्षांची ही बी २००५ मध्ये लावली गेली आणि तिला अंकुर फुटला.

मात्र प्रत्येक बी असे थांबत नाही. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी वाळवले की मरते. सालवृक्षाची गोष्टही तशीच आहे. ज्याच्या छायेत भगवान महावीरांना केवलज्ञान प्राप्त झाले, त्या सालाचे बी झाडावरून गळाल्यानंतर जेमतेम आठ-दहा दिवस जिवंत राहते. त्याला तिजोरीत बंद करता येत नाही. साल आजही मध्य आणि पूर्व भारतात विपुल आहे, ही समाधानाची बाब. परंतु पावसाळी अरण्यांतील असंख्य वृक्षांचे बी याच स्वभावाचे असल्यामुळे त्यांच्यासाठी जिवंत झाडांची उद्याने राखावी लागतात, किंवा त्यांचे गर्भांकुर द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवण्याचे खर्चिक प्रयोग करावे लागतात. नेमक्या याच बाबतीत जग मागे आहे. २०१७ मधील एका अभ्यासानुसार जगभरच्या वनस्पती उद्यानांत ज्ञात संकटग्रस्त वनस्पतींपैकी सुमारे ४१ टक्के वनस्पती जोपासल्या जात होत्या. परंतु उद्याने बहुतांशी थंड प्रदेशांत, आणि वगळल्या गेलेल्या वनस्पती मुख्यतः उष्ण प्रदेशांतील. ठेवीदार एका गावात आणि पेढी दुसऱ्या गावात, असा हा प्रकार झाला.

उद्यानांनी काय साधले आणि काय साधले नाही, हे चार झाडांच्या चरित्रांतून समजून घेता येईल.

पहिले झाड अमेरिकेचे. जॉन बार्ट्रम आणि त्यांचे पुत्र विल्यम यांना १७६५ मध्ये जॉर्जिया प्रांतात अल्टमाहा नदीकाठी पांढऱ्या सुवासिक फुलांचे एक झाड आढळले. पुढे विल्यमने त्याचे बी आणून फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत लावले आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सन्मानार्थ त्याला फ्रँकलिनिया हे नाव दिले गेले. १८०३ नंतर ते झाड निसर्गात कोणालाही दिसलेले नाही. आज जगात जितकी फ्रँकलिनियाची झाडे आहेत, ती सर्व विल्यमने आणलेल्या बियांची वंशज आहेत. त्या काळी संरक्षण हा शब्दही त्यांच्या मनात नसेल. एका कुटुंबाने बागेत जपलेल्या बियांवर एक संपूर्ण जात तगली.

दुसरे झाड मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटाचे, कॅफे मॅरॉन नावाचे. ते नामशेष झाले असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शिक्षकाने मुलांना परिसरातील वनस्पती आणायला सांगितले आणि एका मुलाने त्याच झाडाची फांदी वर्गात आणून ठेवली. बेटावर ते एकच झाड शिल्लक होते. त्याच्या औषधी गुणांविषयी लोकसमजूत असल्याने बातमी पसरताच लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. कुंपण घातले तरी तोड थांबेना. १९८६ मध्ये त्याच्या काड्या क्यू उद्यानात पाठवण्यात आल्या. त्यांतून रोप तयार झाले, पुढे फुलेही आली, पण फळ काही केल्या धरेना. कार्लोस मॅग्डालेना या उद्यानतज्ज्ञाने वर्षानुवर्षे परागीकरणाचे नाना प्रयत्न केले, तेव्हा या शतकाच्या आरंभी त्याला फळ धरले. त्या बियांपासून झालेली रोपे पुन्हा आपल्या बेटावर गेली. बेटावर तोडणारे हात पुष्कळ होते आणि ओळखणारे डोळे मात्र एका शाळकरी मुलाचे होते, ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या ओन्गोये अरण्यात १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना सायकस कुळाशी जवळचे नाते असलेल्या एका झाडाचा एकच समूह सापडला. या वर्गात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. सापडलेला समूह नराचा होता. मादी झाडाचा शोध आजतागायत चालू आहे, पण ते मिळालेले नाही. अरण्यातील अखेरचे खोडही १९१६ मध्ये सुरक्षिततेसाठी हलवण्यात आले. आज त्याची शेकडो रोपे जगभरच्या उद्यानांत डौलाने उभी आहेत. ती सर्व त्या एकाच झाडाच्या फुटव्यांपासून झालेली, म्हणजे एकाच जीवाच्या प्रती आहेत. वंशवृद्धीची आशा त्यांना नाही. झाड जगले, कुळ मात्र थांबले.

चौथे झाड ईस्टर बेटावरचे तोरोमिरो. १९६०च्या सुमारास ते बेटावरून संपले. थॉर हेयरडाल यांच्या मोहिमेत अखेरच्या झाडाचे बी युरोपात पोहोचले होते, त्यामुळे ते उद्यानांत तगले. परंतु बेटावर ते पुन्हा लावण्याचे अनेक प्रयत्न फसले. माती धुऊन गेलेली, गुरांनी चरून टाकलेली, मूळची साथीची झाडे नाहीशी झालेली. मुलगा परदेशात वाढला, परत आला, पण घराच्या जागी घरच उरले नव्हते. शिवाय सारी संतती मोजक्याच बियांची असल्याने बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचे सामर्थ्यही तिच्यात कमी राहिले.

या चारही कथांचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला एक मोठी रक्कम दिसते. ही झाडे आज आहेत. उद्यान नसते तर ती नसती. परंतु खर्चाच्या रकान्यात तीन नोंदी कराव्या लागतात. उशिरा आणलेले बी कुळाची विविधता आणू शकत नाही. एकाच ठिकाणी ठेवलेला संग्रह एका रोगाने किंवा एका दुर्लक्षित उन्हाळ्याने संपू शकतो. आणि मूळ अधिवास नष्ट झाला, तर जपलेल्या झाडाला परत जायला जागा राहत नाही. म्हणूनच १९९२च्या जैवविविधता करारात, ज्याला भारताने १९९४ मध्ये मान्यता दिली, अधिवासाबाहेरील संरक्षण हे मुख्यतः मूळस्थानी होणाऱ्या संरक्षणाला पूरक असावे असे म्हटले आहे. उद्यान म्हणजे धर्मशाळा आहे. प्रवाशाने तिथे रात्र काढावी, पण त्याचे घर शाबूत राहिले पाहिजे.

दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळल्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने घालून दिले. वोलेमी पाइन हा वृक्ष १९९४ मध्ये सिडनीच्या पश्चिमेकडील एका दुर्गम घळीत सापडला. प्रौढ झाडे शंभराच्या आत. शासनाने जागा गुप्त ठेवली आणि त्याच वेळी काड्यांपासून रोपे तयार करून २००५-०६ पासून ती जगभर विक्रीस ठेवली. दुर्मीळ वस्तू सर्वत्र मिळू लागली की चोरट्याचे गिऱ्हाईक संपते, हा व्यवहार त्यामागे होता. २०१९-२०च्या महाभयंकर वणव्यात मूळ वृक्षही अग्निशमन दलाने हेलिकॉप्टरने उतरून, पाणी फवारून वाचवले. बागेत रोपे आहेत म्हणून अरण्याकडे पाठ फिरवली गेली नाही.

आता स्वतःच्या अंगणाकडे वळूया. सह्याद्रीच्या कडेपठारांवर कंदीलपुष्पाच्या नाजूक जाती वाढतात. कंदिलासारख्या त्यांच्या फुलात लहान माशी शिरते, काही काळ अडकते आणि पराग घेऊन बाहेर पडते. यांतील अनेक जाती सह्याद्रीखेरीज जगात कुठेही नाहीत. त्यांचे कंद खाण्यासाठी खणले जातात आणि कंद उपटला की झाड समूळ जाते, हे कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या सभेला वेगळे सांगावे लागू नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांच्या पुढाकाराने वनस्पती उद्यानात या जातींचा सांभाळ आणि अभिवृद्धी झाली. जुन्नर परिसरातील कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी हीदेखील अशीच दुर्मीळ, परंतु तिच्या काड्या सहज रुजतात, म्हणून उद्यानांत तिला आधार मिळाला. केरळात वायनाड येथे वोल्फगांग थॉयरकाऊफ यांनी १९८१ मध्ये गुरुकुल वनस्पती अभयारण्य सुरू केले. तोडीत, रस्त्यात, मळ्यांच्या विस्तारात सापडलेल्या पश्चिम घाटातील वनस्पती तिथे आणून आश्रयास ठेवल्या गेल्या. त्या कामासाठी त्यांना ना मोठे पद लागले, ना राजवाड्याएवढी इमारत. चिकाटी मात्र आयुष्यभराची लागली.

मंदिराशी नाते असलेल्या दोन वृक्षांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहिला अशोक. समवसरणातील अष्टप्रातिहार्यांत ज्याला स्थान आहे, तो अशोक म्हणजे केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा सीता अशोक. सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असतो आणि ज्याच्या पानांचे तोरण दारावर लागते, तो आसोपालव वेगळा. सीता अशोकाची साल औषधासाठी इतकी ओरबाडली गेली की त्याची नोंद आज धोक्यात असलेल्या वृक्षांत होते. दुसरा चंदन. रोज सकाळी सहाणेवर जे उगाळले जाते, ते झाडही निसर्गात विरळ होत चालले आहे आणि चोरट्यांच्या करवतीखाली सापडते आहे. चंदनाचा एक विशेष असा की ते एकटे जगू शकत नाही. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना जोडली जातात आणि तिथून काही पोषण घेतात. म्हणून रोपवाटिकेत त्याच्या पिशवीत तुरीसारखे सोबतीचे रोप लावतात. सोबती न देता चंदन लावणारा माणूस रोप आणतो आणि काही महिन्यांत काटकी काढून टाकतो. झाड जपायचे तर त्याचे शेजारीही जपावे लागतात, हा धडा चंदन स्वतःच देते.

मग सामान्य गृहस्थाने आणि धर्मादाय संस्थेने काय करावे? अरण्यातील दुर्मीळ रोप उपटून आणणे हा तर अपराधच मानावा. रोप विश्वासू रोपवाटिकेतून किंवा विद्यापीठाच्या उद्यानातून घ्यावे. एकाच झाडाच्या बियांपासून दहा रोपे घेण्यापेक्षा निरनिराळ्या मातृवृक्षांची थोडी थोडी रोपे घ्यावीत. कापडाची वानगी पाहताना एकाच थानाचे दहा तुकडे कोणी मागत नाही. प्रत्येक रोपाची वही ठेवावी: नाव काय, बी कुठले, कोणत्या दिवशी लागले, केव्हा फुलले, मेले तर कशाने मेले. ज्या झाडाचे मूळ ठाऊक नाही, ते शोभेचे असते, संरक्षणाच्या कामी फारसे येत नाही. मेलेल्या रोपांची नोंदही लपवू नये, कारण तोटा न दाखवणारा ताळेबंद पुढच्या माणसाला फसवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, लागवडीच्या समारंभावर खर्च होतो तितकाच निधी पुढच्या वर्षांच्या पाण्यासाठी आणि राखणीसाठी बाजूला काढावा. देवस्थानांना ध्रुवनिधीची परंपरा नवी नाही. मुद्दल शाबूत आणि व्याजावर पूजा, हा नियम झाडालाही लागू पडतो.

पन्नास वर्षे एखादी संस्था चालते ती कोणा एकाच्या कर्तृत्वावर नव्हे. एका पिढीने जपलेले दुसरीच्या हाती सुखरूप देण्याची सवय तिला लागलेली असते. ज्या समाजाच्या ज्ञानभांडारांनी ताडपत्रांवरील पोथ्या शतकानुशतके वाळवी, ओल आणि आग यांपासून वाचवल्या, त्या समाजाला बी जपणे अवघड वाटू नये. पोथीची नक्कल करता येते. संपलेल्या जातीची नक्कल करता येत नाही, एवढाच फरक.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंदिराच्या किंवा धर्मशाळेच्या आवारात एखादा सीता अशोक योग्य नोंदीसह लागला, त्याच्या पाण्याची जबाबदारी एखाद्या कुटुंबाने घेतली आणि त्याचे बी पुढे आणखी कोणाच्या अंगणात पोहोचले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. संस्थेच्या शताब्दीला त्या वृक्षाखाली जी मुले खेळतील, त्यांना वक्त्याचे नाव आठवण्याचे कारण नाही. झाड असले म्हणजे पुरे.